आकाशगंगेची बखर

आश्विनातील अमावास्येच्या आसपास, दिवेलागणीनंतर तास-दीड तासाने, गावाबाहेरच्या अंधारात उभे राहून आकाशाकडे पाहावे. नैर्ऋत्येस धनू राशीपासून एक अंधूक, पांढुरका पट्टा वर चढत येतो. डोक्यावर श्रवण आणि हंस यांच्या बाजूने जातो आणि ईशान्येस शर्मिष्ठेकडे उतरतो. आपल्या पूर्वजांनी या पट्ट्याला आकाशगंगा हे सुंदर नाव दिले. ही गंगा पाण्याची नाही आणि धुक्याचीही नाही, ती दाटीवाटीने दिसणाऱ्या असंख्य ताऱ्यांची बनलेली आहे, हे १६१० साली गॅलिलिओने आपल्या लहानशा दुर्बिणीच्या साहाय्याने जगाला दाखवून दिले.

हे सारे तारे मिळून एक प्रचंड चकती झालेली आहे. मध्यभागी ती फुगीर आणि कडेला पातळ आहे. तिच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाण्यास प्रकाशाला सुमारे एक लाख वर्षे लागतात. तिच्यात दहा हजार कोटींहून अधिक तारे असावेत. आपला सूर्य हा त्यांतील एक, आणि तोही मध्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर राहणारा. आपण चकतीच्या आतच बसलेले असल्यामुळे ती आपल्याला कडेकडून दिसते, म्हणून ती पट्ट्यासारखी भासते. चकतीच्या वर, खाली आणि सभोवार फार विरळ अशा जुन्या ताऱ्यांचा एक अवाढव्य गोल पसरलेला आहे. या पाठापुरते आपण त्याला ‘परिमंडळ’ म्हणू.

एवढा हा पसारा केव्हा आणि कसा उभा राहिला? राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणाऱ्यापाशी ताम्रपट असतात, शिलालेख असतात, जुनी दप्तरे असतात, बखरी असतात. आकाशगंगेच्या जन्मकाळी पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. मग तिची बखर कोणी लिहून ठेवावी? ती लिहिली आहे ताऱ्यांनीच, आणि दोन प्रकारच्या अक्षरांत: एक त्यांच्या अंगातील द्रव्य आणि दुसरी त्यांची चाल. ही दोन्ही अक्षरे वाचावयास माणसाला दोनशे वर्षे लागली.

प्रथम द्रव्याचे पाहू. एखादा मनुष्य वऱ्हाडातला की मालवणातला, हे तो चार वाक्ये बोलला की कळते. तो गाव सोडून मुंबईस आला, तेथे चाळीस वर्षे राहिला, तरी बोलीतला एखादा हेल त्याला सोडून जात नाही. ताऱ्याचेही तसेच आहे. ज्या वायूच्या ढगातून तो जन्मला, त्या ढगाची खूण त्याच्या पृष्ठभागावर जन्मभर टिकून राहते. ती वाचावयाची कशी? सूर्यप्रकाश लोलकातून जाऊ दिला की त्याचा सप्तरंगी वर्णपट होतो, हे तुम्हांस ठाऊक आहेच. १८१४ साली जर्मनीतील फ्राउनहोफर या कुशल भिंगकाराने अशा वर्णपटात शेकडो बारीक काळ्या रेषा पाहिल्या. पुढे १८५९ च्या सुमारास किरखोफ आणि बुन्सेन या दोघांनी त्यांचा उलगडा केला: प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, लोहाच्या निराळ्या, सोडियमच्या निराळ्या. कोट्यवधी मैलांवरच्या ताऱ्यात लोह आहे की नाही, हे त्याला हात न लावता सांगता येऊ लागले.

परंतु रेषा ठळक दिसली म्हणजे ते द्रव्य पुष्कळ आहे, असे मात्र नव्हे. ताऱ्याचे तापमान बदलले की रेषाही बदलतात. तापमान, दाब आणि रेषा यांचा मेळ कसा घालावयाचा, याचे समीकरण १९२० साली मेघनाद साहा या भारतीय शास्त्रज्ञाने मांडले. साहा तेव्हा तिशीसही पोहोचले नव्हते. त्या समीकरणाच्या आधारे १९२५ मध्ये सिसिलिया पेन या तरुण विदुषीने दाखविले, की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम या दोन हलक्या वायूंचे बनलेले आहेत. बाकी सर्व द्रव्ये त्यांत चिमूटभरच असतात.

आता ही चिमूटच आपल्या कामाची आहे. सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी विश्वाचा आरंभ झाला, तेव्हा जवळजवळ केवळ हायड्रोजन आणि हेलियमच होते. ऑक्सिजन, मॅग्नेशियम, लोह ही जड द्रव्ये ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत तयार झाली. मोठा तारा फुटला की ती आसपासच्या वायूत मिसळतात. त्या वायूतून पुढची पिढी जन्मते आणि तिच्यात जड द्रव्ये थोडी अधिक असतात. तिच्या पुढच्या पिढीत आणखी अधिक. यावरून ज्या ताऱ्यात लोह फार थोडे, तो बहुधा फार जुना, असा एक ठोकताळा निघतो.

ठोकताळा म्हटले, नियम म्हटले नाही. कारण वाढीचा वेग सर्व दीर्घिकांत सारखा नसतो. (आपल्या आकाशगंगेसारख्या प्रत्येक तारकासमुदायाला दीर्घिका म्हणतात; अशा दीर्घिका विश्वात अगणित आहेत.) फार वजनदार तारे थोड्याच काळात फुटतात आणि मॅग्नेशियमसारखी द्रव्ये उधळतात. लोहाचा मोठा वाटा मात्र दुसऱ्या एका प्रकारच्या स्फोटांतून येतो. हे स्फोट विझलेल्या ताऱ्यांचे असतात आणि ते बऱ्याच उशिरा सुरू होतात. मोठ्या दीर्घिकेत तारे भराभर जन्मतात, तर लहान दीर्घिकेत कारभार संथ असतो. तेथे लोह पुरेसे साठण्यापूर्वीच उशिराचे स्फोट सुरू होतात आणि मॅग्नेशियमचे प्रमाण मागे पडते. म्हणून लोह सारखेच असलेल्या दोन जुन्या ताऱ्यांपैकी ज्यात मॅग्नेशियम कमी, तो बहुधा एखाद्या लहान, संथ दीर्घिकेत जन्मला असावा. बोलीवरून मुलूख ओळखणे म्हणतात ते हेच.

दुसरे अक्षर म्हणजे चाल. अंतराळात हवा नाही, घर्षण नाही. तारा ज्या मार्गाने निघाला, त्या मार्गाची मूळ ठेवण शेकडो कोटी वर्षांनंतरही पुष्कळशी शिल्लक राहते. एका घरातून निघालेले तारे आकाशात इतस्ततः पांगले, तरी त्यांच्या चालीत साम्य राहते. परंतु ताऱ्याची चाल समजण्यास आधी त्याचे अंतर समजले पाहिजे, आणि सारी अडचण तेथेच होती.

एक प्रयोग करून पाहा. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी डावा डोळा मिटून पाहा, मग उजवा. मागच्या भिंतीच्या मानाने अंगठा उडी मारल्यासारखा दिसेल. अंगठा जवळ आणला तर उडी मोठी होते, लांब नेला तर लहान होते. उडी मोजता आली तर अंगठ्याचे अंतर गणिताने काढता येईल. या उडीला पराशय म्हणतात. ताऱ्यांच्या बाबतीत आपले दोन डोळे फारच जवळ पडतात. म्हणून ज्योतिर्विद पृथ्वीच्याच प्रवासाचा उपयोग करतात. आज एकदा तारा पाहावयाचा आणि पुन्हा सहा महिन्यांनी, जेव्हा पृथ्वी सूर्याच्या पलीकडे जाऊन जवळजवळ ३० कोटी किलोमीटर सरकलेली असते. युक्ती सोपी आहे, पण उडी इतकी सूक्ष्म, की कित्येक शतके ती कोणास दिसली नाही. अंशाचे साठ भाग केले की एक कला, आणि कलेचे साठ भाग केले की एक विकला. हंस तारकासमूहातील एका मंद ताऱ्याचा पराशय १८३८ साली बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने प्रथम मोजला, तो एका विकलेच्या जेमतेम एक-तृतीयांश भरला. तो तारा सुमारे ११ प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे तो आपल्या अगदी शेजारचा! मग हजारो प्रकाशवर्षे दूर असलेल्यांची काय कथा?

पृथ्वीवरून हे काम फार पुढे जाणे शक्य नव्हते, कारण आपल्या डोक्यावरची हवा सतत थरथरत असते आणि तिच्याबरोबर ताऱ्याची प्रतिमाही थरथरते. म्हणून युरोपीय राष्ट्रांच्या अंतराळ संस्थेने १९८९ साली ‘हिप्पार्कोस’ नावाचा उपग्रह हवेच्या बाहेर पाठविला. त्याने मोजलेल्या १,१८,२१८ ताऱ्यांची सूची १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या मागोमाग १९ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून ‘गाया’ हे यान निघाले. गाया ही ग्रीक पुराणातील धरित्री होय.

गायाची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवर, सूर्याकडे पाठ करून आणि दहा मीटर रुंदीची छत्री आड धरून, ते यान दर सहा तासांत स्वतःभोवती एक संथ फेरी घेई. त्याला दोन दुर्बिणी होत्या. दोन निरनिराळ्या दिशांकडे रोखलेल्या, पण दोहोंतील प्रतिमा एकाच छायाचित्रकावर पडत. आकाशातील दूरदूरचे दोन भाग असे एकमेकांशी ताडून पाहता येत, त्यामुळे एका भागातील चूक दुसऱ्याने उघडकीस येई. मूळ पाच वर्षांच्या मुदतीत प्रत्येक तारा सरासरी सुमारे ७० वेळा नजरेखालून जावा, अशी योजना होती. तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत ही मापे किती अचूक निघाली? विकलेच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागापर्यंत. माणसाच्या केसाची जाडी १,००० किलोमीटरांवरून मोजावी, तसे हे झाले. मुंबई ते नागपूर अंतराहूनही हे अंतर मोठे आहे, हे ध्यानात घ्या.

गायाने ताऱ्याचे आकाशातील स्थान नोंदविले, पराशयावरून अंतर दिले आणि तारा वर्षागणिक कोठे सरकतो तेही दिले. याखेरीज काही कोटी ताऱ्यांच्या वर्णपटांवरून ते आपल्याकडे येत आहेत की आपल्यापासून दूर जात आहेत, हेही कळले. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी बारीक आणि दूर जाणारीची जाड ऐकू येते ना? प्रकाशाच्या रेषाही तशाच किंचित सरकतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सूचीत सुमारे १८० कोटी ताऱ्यांची नोंद आहे. आकाशगंगेच्या एकंदर वस्तीच्या मानाने ही खानेसुमारी शेकडा एक-दोनच भरेल. परंतु गावाची नाडी कळावयास एवढी घरे पुरेशी असतात.

आता ज्या वादाचा निकाल या नोंदींनी लावला, त्याकडे वळू. मला हा सर्व कथेतील सर्वांत रसाळ भाग वाटतो. १९६२ साली एगेन, लिंडन-बेल आणि सँडेज या तीन ज्योतिर्विदांनी अवघ्या २२१ ताऱ्यांचा अभ्यास करून आकाशगंगेच्या जन्माची पहिली सुसंगत कथा सांगितली. त्यांना आढळले, की ज्या ताऱ्यांत जड द्रव्ये पुष्कळ, ते मध्याभोवती जवळजवळ वर्तुळात फिरतात. ज्यांत ती कमी, ते मात्र लांबट मार्गांनी आत येतात आणि दूर जातात. यावरून त्यांनी अनुमान केले: आरंभी वायूचा एक अफाट गोळा होता, तो आपल्याच भाराने वेगाने आत कोसळला. कोसळताना जे तारे जन्मले, ते आजही तसेच आतबाहेर धावतात. उरलेला वायू फिरत फिरत चपटा झाला आणि त्यातून चकतीचे तारे पुढे जन्मले. एकाच ढगातून, विश्वाच्या मानाने थोड्या अवधीत, सारा संसार उभा राहिला.

१९७८ साली सर्ल आणि झिन या दोघांनी याला हरकत घेतली. आकाशगंगेभोवती ताऱ्यांचे दाट, चेंडूसारखे गुच्छ आहेत. एकच ढग आत कोसळला असता, तर बाहेरच्या गुच्छांपासून आतल्या गुच्छांपर्यंत द्रव्यांचे प्रमाण क्रमाने बदलत गेले पाहिजे होते. बाहेरच्या गुच्छांत तसा क्रम त्यांना आढळला नाही. तेव्हा परिमंडळ एका ढगाचे नसून निरनिराळ्या ठिकाणी वाढलेले लहान लहान तुकडे दीर्घकाळ येऊन मिळत गेल्याने ते झाले असावे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंचे लोक जाणते होते, दोन्ही बाजूंचे तर्क नीटनेटके होते. कमतरता होती ती ताऱ्यांच्या संख्येची. २२१ माणसे पाहून सबंध महाराष्ट्राचा इतिहास सांगावयाचा, तसा तो प्रकार होता.

गायाची दुसरी सूची २५ एप्रिल २०१८ रोजी प्रसिद्ध झाली, आणि अवघ्या काही महिन्यांत चित्र पालटले. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे काम करणाऱ्या अमिना हेल्मी आणि त्यांचे सहकारी यांनी, ज्यांची स्थाने आणि वेग पूर्णपणे ठाऊक होते असे सत्तर लाख तारे तपासले. त्यांत सुमारे ३०,००० ताऱ्यांचा एक जमाव वेगळाच निघाला. चकतीतील तारे पालखीच्या रिंगणातील वारकऱ्यांप्रमाणे एका दिशेने फेर धरतात. हे तारे मात्र लांबट मार्गांनी रिंगण छेदून जात होते आणि त्यांतील पुष्कळांचा रोख तर उलट दिशेचा होता. चाल वेगळी दिसली. आता बोली पाहावयाची. वर्णपट तपासले, तेव्हा मॅग्नेशियमसारख्या द्रव्यांचे प्रमाणही वेगळे निघाले. लहान दीर्घिकेत जन्मलेल्या ताऱ्यांत असावे तसेच ते होते. दोन अक्षरांनी एकच साक्ष दिली. हे तारे येथले नव्हते. सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी एक अखंड दीर्घिका आकाशगंगेवर येऊन आदळली होती आणि तिचे तारे आपल्यात मिसळून गेले होते. चेंडूसारखे १३ गुच्छही त्याच मार्गांनी फिरताना आढळले. ते तिनेच बरोबर आणलेले असावेत.

या गडप झालेल्या दीर्घिकेला ‘गाया-एन्सेलॅडस’ असे नाव मिळाले. एन्सेलॅडस हा गायेचा राक्षस पुत्र. तो सिसिलीतील एटना पर्वताखाली गाडला गेला आणि तेथून भूकंप घडवितो, अशी ग्रीकांची कथा आहे. गाडला गेलेला आणि तरीही हादरे देणारा, म्हणून नाव चपखल बसते. केंब्रिजच्या संशोधकांच्या एका गटालाही त्याच सुमारास हेच तारे सापडले होते. आलेखावर त्यांचा आकार लांबट दिसला, म्हणून त्यांनी त्याला ‘सॉसेज’ हे एका खाद्यपदार्थाचे नाव दिले. शास्त्रज्ञांची कल्पनाशक्ती नेहमीच पुराणापर्यंत जाते असे नाही.

दोन दीर्घिका आदळल्या म्हणजे तारे एकमेकांवर आपटून चूर झाले असतील, असे तुम्हांस वाटेल. तसे घडत नाही. सूर्य एक मिलिमीटरच्या मोहरीच्या दाण्याएवढा मानला, तर त्याच्या सर्वांत जवळचा तारा सुमारे ३० किलोमीटरांवर पडेल. अशा विरळ वस्तीतून दुसरी वस्ती पार गेली, तरी दाण्याला दाणा लागणे जवळजवळ अशक्य. बदलतात ते मार्ग; कारण दोन्ही दीर्घिकांचे गुरुत्वाकर्षण सर्वांना ओढीत असते. आपली आकाशगंगा तेव्हा आजच्याहून पुष्कळ लहान होती. आलेली दीर्घिका तिच्या सुमारे पावपट होती, असा अंदाज आहे. म्हणजे ही किरकोळ पाहुणी नव्हती. तिच्या येण्याने चकतीतील जुन्या ताऱ्यांचे मार्ग विस्कटले आणि काही तारे परिमंडळात फेकले गेले.

तेव्हा १९७८ चे पंडित खरे ठरले म्हणावयाचे काय? तुकडे बाहेरून आले ही गोष्ट खरीच. १९६२ मध्ये एकाच ढगाचा पुरावा म्हणून पुढे केले गेलेले ते लांबट मार्ग पुष्कळ अंशी या परक्या दीर्घिकेचे होते. परंतु कथा येथे संपत नाही. २०२२ साली माओशेंग शिआंग आणि हान्स-वाल्टर रिक्स यांनी सुमारे अडीच लाख ताऱ्यांची वये काढली. ताऱ्याचे वय सहसा नीट सांगता येत नाही. मात्र मध्यातील हायड्रोजन संपल्यावर तारा फुगू लागतो, त्या थोडक्या काळात त्याच्या तेजावरून वय बरेच अचूक निघते. त्यासाठी खरे तेज कळले पाहिजे, खऱ्या तेजासाठी अंतर, आणि अंतर गायाने दिलेले होते. द्रव्यांचे प्रमाण चीनमधील ‘लॅमोस्ट’ या दुर्बिणीने दिले. ती एका वेळी ४,००० पर्यंत ताऱ्यांचे वर्णपट घेऊ शकते. त्यांतून असे निष्पन्न झाले, की आकाशगंगेची जाड, जुनी चकती सुमारे १,३०० कोटी वर्षांपूर्वीच, म्हणजे विश्वाच्या आरंभानंतर ८० कोटी वर्षांतच, आकार घेऊ लागली होती. तिच्यात ताऱ्यांच्या जन्माला सर्वांत मोठा भर आला, तो सुमारे १,१०० कोटी वर्षांपूर्वी, एन्सेलॅडसच्या मीलनाच्या सुमारास. घर आधी स्वतःचे होतेच. मग सोयरे येऊन मिळाले. १९६२ च्या कथेतील ‘आपल्याच वायूतून उभी राहिलेली चकती’ आणि १९७८ च्या कथेतील ‘बाहेरून आलेले तुकडे’ या दोहोंनाही बखरीत स्थान मिळाले.

एन्सेलॅडसच्याही पूर्वीचे काही शोधता येते काय? २०२४ साली ख्याती मल्हान आणि रिक्स यांनी गायाच्या नोंदींतून ताऱ्यांचे दोन फार जुने समूह वेगळे काढले. प्रत्येकातील द्रव्य सुमारे एक कोटी सूर्यांएवढे आहे आणि तारे १,२०० ते १,३०० कोटी वर्षांचे आहेत. त्यांना त्यांनी ‘शिव’ आणि ‘शक्ती’ अशी नावे दिली. ज्या तुकड्यांच्या मीलनाने आकाशगंगेची पहिली घडण झाली, त्यांपैकी हे दोन असावेत, असे त्यांचे मत आहे. सर्वांना ते मान्य नाही. आकाशगंगेच्या मध्यभागी ताऱ्यांचा एक लांबट दांडा फिरत असतो. त्याच्या ओढीनेही तारे असे एकत्र गोळा होऊ शकतात, असे दुसरे काही संशोधक दाखवितात. हा निकाल अद्याप लागावयाचा आहे.

एवढ्या दूरच्या काळाची गोष्ट ऐकून असे वाटू नये, की ही मीलने केवळ भूतकाळात घडली. १९९४ साली धनू राशीच्या दिशेस, आकाशगंगेच्या मध्याच्याही पलीकडे, एक लहान दीर्घिका सापडली. ती आपल्याभोवती फिरता फिरता वारंवार जवळ येते आणि प्रत्येक खेपेस तिचे तारे सुटून तिच्या मार्गावर लांब फितीसारखे पसरतात. तिचे मोडणे आजही चालू आहे. २०२० मध्ये गायाच्या नोंदींवरून असे दिसून आले, की सूर्याच्या परिसरात सुमारे ५७० कोटी, १९० कोटी आणि १०० कोटी वर्षांपूर्वी ताऱ्यांचे जन्म एकाएकी वाढले होते, आणि हे तिन्ही काळ धनूतील या दीर्घिकेच्या जवळ येण्याच्या काळांशी जुळतात. तारे एकमेकांवर आपटत नसले, तरी वायूचे ढग ढवळले जातात, दाटतात आणि त्यांतून नवे तारे निपजतात. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे, पहिल्या भरतीनंतरचा. मग त्याचा जन्म, आणि त्याच्यामागून पृथ्वीचा व आपलाही, त्याच ढवळाढवळीचे फळ असेल काय? काही संशोधकांनी तसा तर्क केला आहे. तर्क मोहक आहे, पण सिद्ध झालेला नाही.

त्या ढवळाढवळीची एक खूण मात्र आपल्याभोवतीच सापडली. तळ्यात खडा टाकला तर खडा बुडून गेल्यावरही तरंग उठत राहतात. २०१८ साली सूर्याच्या आसपासचे लक्षावधी तारे तपासताना, ते चकतीच्या वरखाली असेच तरंगत असल्याचे दिसून आले. त्यांची उंची आणि वरखाली होण्याचा वेग आलेखावर मांडला, तेव्हा गोगलगाईच्या शंखासारखी वळणदार आकृती उमटली. ही खळबळ ३० ते ९० कोटी वर्षांपूर्वी केव्हातरी उठली असावी. तिचे कारण धनूतील दीर्घिकाच असावी, असा पुष्कळांचा कयास आहे.

गायाचे निरीक्षण १५ जानेवारी २०२५ रोजी थांबले. यानाला अचूकपणे वळवीत ठेवणारा वायू संपत आला होता. त्या वेळेपर्यंत साडेदहा वर्षांत सुमारे २०० कोटी ताऱ्यांची आणि इतर ज्योतींची तीन लाख कोटींहून अधिक निरीक्षणे त्याने घेतली होती. २७ मार्च २०२५ रोजी त्याला सूर्याभोवतीच्या एका निवृत्त कक्षेत ढकलून बंद करण्यात आले. तत्पूर्वी त्याच्या स्मरणयंत्रातील काही भाग पुसून तेथे या कामी झटलेल्या सुमारे १,५०० माणसांची नावे लिहिण्यात आली. वर ज्या १८० कोटी ताऱ्यांच्या सूचीचा उल्लेख आला, ती पहिल्या ३४ महिन्यांच्याच निरीक्षणांवरून तयार झालेली आहे. उरलेल्या सात-साडेसात वर्षांच्या निरीक्षणांची मोजदाद शास्त्रज्ञांच्या मेजांवर चालू आहे.